शाई गोठू नये म्हणून

त्या हिवाळ्यात कालव्याचं पाणी थिजलं
आणि आमच्या गावात देव आला.
म्हणजे एल्डर क्रूम आला, घसरगाडीतून,
भसाड्या आवाजाचा, बोटं तंबाखूनं पिवळी.
सतरा रात्री त्यानं गावाला नरकाच्या काठावर नेलं
आणि खाली वाकून बघायला लावलं.

पुढे एक बाक रिकामं ठेवलेलं असायचं.
ज्याचा जीव घाबरा होईल त्यानं तिथं येऊन बसायचं.
नवव्या रात्री माझे वडील उठले, लायमन हॉचकिस,
पंचक्रोशीत सगळ्यांत जहाल सायडर गाळणारे,
आणि ढसाढसा रडले.
पिंपं सांगितली, मोजून. कर्जं सांगितली. शिव्यासुद्धा सांगितल्या.
सगळं देऊळघर हुंदके देत होतं.
आईच्या कानशिलावरची खूण तेवढी सांगायची राहिली.
ती माझ्याशेजारी बसून
हातमोज्याचा सुटलेला धागा दातांनी तोडत होती.

सकाळी त्यांनी कुऱ्हाडीला धार लावली.
बेचाळीस झाडं. बर्फावर तांबूस ढलप्या.
त्रेचाळिसावं आईचं होतं.
कनेक्टिकटहून ओल्या गोणपाटात गुंडाळून
मांडीवर घेऊन आणलेलं रोप,
गोड फळाचं. त्याचा थेंबही कधी कुणी गाळला नव्हता.
पण भक्तीच्या भरात हात कुठं थांबतो?

आई काही बोलली नाही.
त्याच्याच फांद्या चुलीत सारल्या. ओल्या होत्या,
तीन दिवस घरात गोड धूर.

चौथ्या दिवशी तिनं खणातून एक लांब कागद काढला.
माणसांचा बाजार बंद करा, एवढंच वर लिहिलेलं,
खाली रेघाच रेघा, कोऱ्या.
"वॉशिंग्टनला असले कागद वाचत नाहीत," वडील म्हणाले.
"तिकडं नाही वाचणार," ती म्हणाली, "इथं तर वाचतील."
माझ्या बगलेत शाईची बाटली खुपसली:
"घट्ट धर, पोरी. गोठली तर नावं कशानं लिहायची?"

मी नऊ वर्षांची. काखेत गार काच,
मग कोमट, मग माझ्याइतकीच ऊन.
डीकन ट्रॅस्कनं दार अर्धंच उघडलं आणि नवऱ्याची परवानगी विचारली.
त्याच्या बायकोनं मागच्या दारी येऊन सही केली,
पिठाच्या हातानं, घाईघाईत, आडनाव सोडून.
आजारी केझाया मुंजरनं अंथरुणातूनच फुली मारली
आणि फुली सरळ आली का, दोनदा विचारलं.

शेवटचं घर लॉकजवळचं. डॉर्कस व्हॅन आल्स्ट,
खलाशांचे कपडे धुणारी, जन्मानं स्वतंत्र, रंगानं काळी.
तिनं कागद पूर्ण वाचला, ओठ न हलवता.
सुंदर, वळणदार सही केली, माझ्या आईपेक्षा कितीतरी चांगली.
मग विचारलं, "इलेक्टाबाई,
रविवारी मी वर माळ्यावर बसते, जिन्याच्या तोंडाशी, वाऱ्यात.
त्याचा कागद कधी काढणार?"

आईनं टाक पुन्हा बाटलीत बुडवला, उगीचच, फार खोल.
थेंब पडला. आठवणीत नावांपेक्षा तो डागच ठळक आहे.

पुढच्या रविवारी तिनं मान वर करून माळ्याकडं पाहिलं.
एकदाच.
तो जिना चढायला तिला आणखी तीन हिवाळे लागले,
आणि त्या दिवशी वडील खालीच बसून राहिले,
प्रार्थनेचं पान न उलटता.

त्यांनी पुन्हा कधी दारू शिवली नाही. हात उगारला नाही.
हे खरं आहे, आणि मी ते कमी लेखत नाही.
उन्हाळ्यात आईच्या झाडाच्या बुंध्यावर बसून बायबल वाचायचे.
बुटांशेजारी कोंब फुटले होते; ते त्यांनी खुडले नाहीत,
पण त्यांच्याबद्दल बोललेही नाहीत.
तिची माफी मागितली का, ठाऊक नाही.
भिंत पातळ होती, मी पुष्कळ रात्री कान देऊन ऐकलं.

एकशे अठरा नावं गेली. उत्तर आलं नाही.
तो लोकरीचा झगा मी अजून टाकलेला नाही.
बगलेत एक काळा डाग आहे, पोस्ताच्या बोंडाएवढा;
बूच बहुधा सैल होतं.